वीणा खाली ठेवायची नसते

सुमन, अशी जवळ सरक बघू. कागदावरून का होईना, आज तुझा कान धरायचा आहे मला. येलहंक्याहून आमच्या पेटेत, जुन्या बाजारात यायला एक बस पुरते, तरी तू यंदा सप्ताहाला फिरकली नाहीस. कारण तुझ्या आईकडून कळलं. लेकरू एका जागी बसत नाही, पंगतीतून उठून पळतं, लोक बघतात, म्हणून लाज वाटते म्हणे तुला! आणि डॉक्टरांनी या चंचलपणाचं नाव लिहून दिलेला कागद तू कपाटात साड्यांच्या घडीखाली लपवून ठेवलास. अगं वेडे, लाज कोणापुढे? आमच्या विठोबापुढे? तो स्वतः युगानुयुगं उभाच आहे, त्याला कोणी ‘बस खाली’ म्हटलेलं नाही अजून! तुझ्यासारख्या आणखी कोणी आया हे वाचत असतील तर त्यांनीही सरकून बसावं. मी शिकलेली बाई नाही, सातवीपर्यंत कन्नड शाळेत गेले आणि मराठी घरातल्या पोथ्यांवरून गिरवली. पण जे माझ्या डोळ्यांदेखत झालं ते सांगायला तेवढं पुरे आहे.

तू तेव्हा नवी नवरी, हुबळीला होतीस. त्यामुळे आमच्या कावेरीची ही हकिगत तुला अर्धीच ठाऊक. आज ती सतरा वर्षांची आहे, तेव्हा नऊची होती. आमचं घर पेटेतल्या त्याच, देवळाच्या बोळात, खाली यांचं बटणांचं आणि अस्तरांचं दुकान, वर आम्ही. पिढ्यान्‌पिढ्या शिवणकामातलं घराणं, तासन्‌तास एका जागी बसून टाके घालणारी माणसं. त्या घरात ही पोर जन्मली, जिला घास तोंडात असताना दुसऱ्या खोलीत जायचं असायचं. दूध आणायला पाठवावी तर किटली घेऊन निघायची आणि वाटेत कुणाच्या तरी गच्चीवर पतंग बघत उभी राहायची. पाट्या फुटल्या, पेले फुटले, एकदा तर सासूबाईंचा चष्मा फुटला. वह्या हरवायच्या इतक्या, की हे म्हणायचे, “कागदाचं दुकान काढायला हवं होतं, बटणांचं उगाच काढलं.” ते हसून सोडून द्यायचे. मला हसू येत नव्हतं. बोळातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या ना! ‘आईनं वळण लावलं नाही’ हेच त्यांच्या डोळ्यांत दिसायचं मला.

मी काय काय केलं नाही? दृष्ट काढली, ताईत बांधले, ग्रहांच्या शांती केल्या. आमच्या देवळातल्या राधाक्का, ज्यांच्या शब्दापुढे बोळात कोणी जात नसे, त्या सरळ म्हणाल्या, “ह्या पोरीच्या अंगात वारं शिरलंय गं. चार रट्टे दे, निघून जाईल.” रट्टेही दिले. आणि आता जे सांगते ते आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. परीक्षेच्या दिवसांत मी परकराची नाडी घेऊन तिचा पाय शिवणाच्या मशीनच्या लोखंडी पायाला बांधून ठेवत असे. पुस्तक पुढ्यात द्यायची आणि म्हणायची, “आता कुठे जातेस बघू.” ती रडायची, ओढायची, मग गप्प व्हायची. मला वाटायचं, अभ्यास चाललाय. एकदा जाऊन पाहिलं तर ती बांधलेल्या पायानं नुसती भिंतीकडे बघत होती. घोट्यावर लाल वळ उठला होता. मी नाडी सोडली, तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली. देवाला सगळं ठाऊक आहे, तुझ्यापासून काय लपवायचं?

चौथीत असताना शाळेतल्या मोठ्या मिसनी बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. म्हणाल्या, “अक्का, चाळीस मुलं आहेत वर्गात. ही एकटी चाळिसांइतकी आहे. पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा.” घरी आल्यावर दिरांनी लांबच्या गावातल्या एका वसतिगृहाचं नाव काढलं. तिथे फार कडक शिस्त, म्हणे, पहाटे घंटा, दिवसभर घंटा, सुट्टी वर्षातून एकदा. सासूबाई म्हणाल्या, सरी, बरंच झालं, तिथेच पाठवा, सुधारेल. हे उठून खाली दुकानात गेले. मी हो म्हटलं, सुमन. मीच हो म्हटलं. एक पत्र्याची ट्रंक आणली, हिरव्या रंगाची, तिच्यावर कावेरीचं नाव घातलं. सप्ताह संपला की काल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जायचं ठरलं. कावेरीनं ट्रंक पाहिली आणि विचारलं, “यात मी मावते का?” आणि खरंच आत बसून दाखवलं. घरात सगळे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

पण माझ्या मनात एक आशा होती. मी विठोबाला नवस बोलले होते, की ‘या सप्ताहात हिला सातही दिवस मांडी घालून पोथीला बसवीन. तू फक्त हिला बसव. ही बसली तर मी समजेन, की तू ऐकलंस, मग कुठेही पाठवणार नाही.’ बघ, नवस बोलतानासुद्धा मी देवाला माझीच अट घातली होती! पहिल्या दिवशी तिला नवा परकर-पोलका घालून पुढच्या रांगेत बसवलं. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, ती उठली, परकराचा घोळ समईला लागला आणि तेल पोथीच्या पानांवर सांडलं. सगळं देऊळ वळून बघायला लागलं. राधाक्कांनी कपाळाला हात लावला. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि गाभाऱ्याकडे वळून मनातल्या मनात म्हटलं, ठीक आहे, तुझं उत्तर कळलं मला. त्या दिवसानंतर मी नुसती हातानं कामं करत होते. तोंडानं नाम निघत नव्हतं.

आता आमच्या सप्ताहाचा नेम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सात दिवस अखंड नाम चालतं आणि तेवढे दिवस देवापुढे एकाच्या तरी गळ्यात वीणा असते. ती वाजवत, रामकृष्णहरी म्हणत, देवापुढे येरझाऱ्या घालायच्या. दोन-दोन तासांचा एकेकाचा पहारा. दुपारचे पहारे बायकांचे. वीणा कधी जमिनीला टेकायची नाही, आणि पहारा घेतलेल्यानं बसायचं नाही. आमच्या देवळात पणजोबांच्या काळापासून कुठल्याच सप्ताहात वीणा खाली ठेवलेली नाही. आणि एक फार सुंदर रीत आहे. वीणा देणारा आणि घेणारा, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. मग देणारा म्हातारा असो आणि घेणारा कोवळा असो. त्या घडीला वीणा ज्याच्या गळ्यात, देव त्याच्याकडे.

पाचव्या दिवसाची गोष्ट. यांनी त्या वर्षी प्रथमच सप्ताहासाठी दुपारचं दुकान बंद ठेवलं होतं. शटरवर चिठ्ठी लावली होती, ‘सप्ताह आहे, देवळात भेटा.’ यावरून मी भांडले होते. “गिऱ्हाईक परत जाईल,” म्हटलं. हे म्हणाले, “पोर चार दिवसांनी जाणार. तिला पंगतीत वाढताना तरी बघू दे.” त्या एका बंद शटरमधून काय काय आत आलं ते पुढे सांगते.

बारा ते दोन पहारा राधाक्कांचा होता आणि दोन ते चार माझा. साडेबाराच्या सुमारास मागच्या ओवरीत पंगत बसली. सगळी मंडळी जेवायला, पानांवर चित्रान्न, कोसंबरी, भात-सारू. मी गरम साराची बादली घेऊन वाढत होते. कावेरी पानावर बसली खरी, पण मीठ वाढून होईपर्यंतच. अन्नाला हात लागायच्या आत ती उठून पळाली. माझ्या जावेनं टोमणा मारला, “वसतिगृहात पानावरून उठली तर उपाशी ठेवतात म्हणे. बरं होईल.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बादली पुढे नेली. तेवढ्यात वीणेचा आवाज अडखळला.

मी होते तिथूनच दारातून पाहिलं तर सभामंडपात राधाक्का खांबाला टेकून उभ्या. दशमीपासून नुसत्या दुधावर होत्या, ऊन मी म्हणत होतं, त्यांना भोवळ आली होती. गळ्यातली वीणा एका बाजूला कलली होती. ओवरीतून सगळे उठले, पण उठून करणार काय? सगळ्यांचे हात उष्टे! उष्ट्या हातानं वीणेला शिवायचं नाही. आडावर हात धुवून यायचं तर तेवढा वेळ नव्हता. माझे हात स्वच्छ होते, पण हातात कढत साराची बादली, आणि वाटेत पंगतीतली माणसं उभी. आणि मंडपात राधाक्कांसमोर कोण उभी होती? पानावरून पळालेली, एक शीतही न उष्टावलेली माझी कावेरी.

राधाक्कांनी तिच्याकडे पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. वीणा काढून त्यांनी तिच्या गळ्यात घातली आणि त्या भोवळीतही रीत सोडली नाही. पासष्ट वर्षांची बाई, जिच्यापुढे बोळ घाबरतो, ती खाली वाकली आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या पावलांना हात लावला. कावेरीनं त्यांचे पाय धरले. मग राधाक्का खांबाशी बसल्या, कुणीतरी पाणी आणलं, आणि वीणा पुन्हा वाजायला लागली.

मागे नुसता कल्लोळ! “यप्पा, पाडेल ती!” “घ्या गं कुणीतरी!” “पणजोबांपासूनचा नेम बुडेल आज!” माझी जाऊ हात धुवून सगळ्यांत आधी पुढे आली. तेव्हा आमचे माधवअण्णा, देवळाची व्यवस्था बघणारे, ओवरीच्या पायरीवरून ओरडले, “हात लावू नका कोणी. वीणा तिच्याकडे गेली, पहारा तिचा. दोन वाजेपर्यंत कोणी मागायची नाही.”

दोन वाजेपर्यंत म्हणजे सव्वा तास, सुमन! जी पोर सव्वा मिनिट एका गोष्टीत राहत नाही, तिच्या गळ्यात तिच्याच उंचीची वीणा. मी बादली खाली ठेवली आणि तिच्यावर नजर लावून उभी राहिले. मनात देव नव्हता, फक्त भीती होती. आता पाडेल, आता धावेल, आता कंटाळेल. आणि ती काय करत होती? चालत होती. गाभाऱ्यापासून गरुडखांबापर्यंत, तिथून वळून परत. बोटं तारेवर, पाय तालावर, तोंडात रामकृष्णहरी. तिला ‘बस’ म्हणणारं कोणी नव्हतं. उलट तिथे बसायचंच नव्हतं! नऊ वर्षं मी जे तिच्यातून काढून टाकायला बघत होते, त्याचीच त्या जागी गरज होती. हळूहळू बायकांचा कल्लोळ विरला. टाळ वाजायला लागले. राधाक्का बसल्या जागेवरून तिच्या चालीला ठेका धरत होत्या. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तास झाला. एकदा वळताना वीणेचा दांडा खांबाला घासला, मी धावायला पाऊल उचललं. तिनं हातानं दांडा सावरला आणि न थांबता पुढे गेली. तेव्हा माझ्या तोंडून चार दिवसांनी पहिल्यांदा नाम निघालं, आणि ते निघालं ते थांबेचना.

दोनचे ठोके पडले. पुढचा पहारा माझा. मी आडावर हातपाय धुतले, तिच्यापुढे गेले. रीतीप्रमाणे ती वाकली. मग मी वाकले. माझं डोकं माझ्या लेकीच्या पायांवर होतं आणि डोळ्यांसमोर तो घोटा. नाडीचा वळ अजून पुरता गेला नव्हता. ज्या पायांनी देवापुढे अखंड पहारा दिला ते पाय मी लोखंडाला बांधत होते. मला उठता येईना. वरून तिचाच आवाज आला, हळू, दमलेला, “आई, मी नाही पाडली.” मी वीणा गळ्यात घेतली. ते दोन तास कसे गेले मला माहीत नाही. मी चालत होते, रडत होते आणि एवढंच म्हणत होते, की ‘तू हिला बसव म्हणून मी मागितलं होतं. तू तिला उभी केलीस. तुझंच खरं.’

आता ते शटर. मी वीणा घेऊन चालत असतानाच मला दिसलं, की गरुडखांबाशी सुती साडीतली एक अनोळखी बाई बसली आहे आणि कावेरी तिच्याशेजारी प्रसादाचा भात खात, हातवारे करत काहीतरी सांगते आहे. चार वाजता पहारा संपल्यावर ती बाई माझ्याकडे आली. तिच्या कोटाची दोन बटणं तुटली होती, त्या मापाची आमच्याच दुकानात मिळतात असं कुणी सांगितलं, दुकान बंद, चिठ्ठी वाचून ती देवळात आली आणि वीणा घेतलेली पोर बघून बटणं विसरली. कन्नडमध्ये मला म्हणाली, “अम्मा, तुमची मुलगी घरी कशी असते, सांगाल?” मला वाटलं, आता हिच्याकडेही तक्रार गेली. पण मी सगळं सांगितलं. नाडीसुद्धा सांगितली. ती बाई मला रागावली नाही. म्हणाली, “मी लहान मुलांच्या मनाची डॉक्टर आहे. माझ्याकडे अशी मुलं येतात. ही हट्टी नाही, आळशी नाही, हिच्या अंगात काही शिरलेलं नाही. हिचा मेंदूच असा घडला आहे. लक्ष नाही असं नाही, लक्ष तिच्या हातात राहत नाही. त्याला नाव आहे, एडीएचडी.” मग हसून विचारलं, “हिला उभं राहून, चालत करायचं काम द्या, असं तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, “कोणी नाही. आमच्या देवळाची रीतच आहे.” तिनं गाभाऱ्याकडे वळून हात जोडले. म्हणाली, “मी आयांना हेच समजावते. सोमवारी माझ्या दवाखान्यात घेऊन या हिला, नीट तपासते.” यांनी दुकान उघडून बटणं दिली. ती पांढऱ्या कोटाची बटणं होती. त्यानंतर ती डॉक्टरीण पुन्हा कधी आमच्या बोळात आली नाही. मी याला चमत्कार म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. मी फक्त झालं तसं सांगते.

ट्रंक गेली नाही. दीर रागावले, सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पण यांनी पहिल्यांदा घरात आवाज चढवला, “माझी पोर कुठे जाणार नाही.” आम्ही सोमवारी गेलो आणि पुढेही कितीतरी सोमवार गेलो. काही महिने गोळी होती. मी ती देव्हाऱ्यापुढे ठेवून मग द्यायची. औषध हाही त्याचाच प्रसाद, त्यात कमीपणा कसला? डॉक्टरीणबाईंनी शाळेला पत्र दिलं. मोठ्या मिसनी तिला वह्या वाटायचं काम दिलं आणि शेवटच्या बाकामागे उभं राहून लिहायची परवानगी दिली. आणि घरी यांनी एक युक्ती काढली. शिवणाच्या मशीनचा पट्टा काढून ठेवला आणि तिला म्हणाले, “पायडल मार आणि पाढे म्हण.” ज्या मशीनच्या पायाला मी तिला बांधलं होतं, त्याच मशीनवर पाय हलवत ती सोळापर्यंत पाढे शिकली. बोळभर खडखडाट व्हायचा. मी शेजारणींना सांगायची, “गणित शिवतेय पोर!”

सगळं गोड झालं असं समजू नकोस. दूध आजही उतू जातं. किल्ल्या आजही हरवतात, मागच्या महिन्यात तर फ्रिजमध्ये सापडल्या. कितीदा माझा तोल जातो. मग मला तो घोटा आठवतो आणि मी देवापुढे जाऊन दोन मिनिटं उभी राहते. पण गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला तेव्हा सहाच्या सहा विषयांत पास! मोठ्या मिस निवृत्त झाल्या आहेत, तरी मैसूरपाक घेऊन स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, “अक्का, मी म्हटलं होतं ना, ही चाळिसांइतकी आहे!” राधाक्कांनी तर बोळभर असं सांगितलं जणू त्याच परीक्षेला बसल्या होत्या. आता दर सप्ताहाला बारा ते दोनचा पहारा कावेरीचा. राधाक्कांनी तो तिच्या नावानं सोडला आहे, आणि दरवर्षी काठी टेकत येऊन तिच्या पाया पडतात. यंदा तू तिथे हवी होतीस गं. अख्खं देऊळ उभं राहून टाळ वाजवत होतं.

मी आयुष्यभर देवाकडे मागत आले, की लेकरू माझ्या मापाचं करून दे. बटणं मापात मिळतात गं, लेकरं नाही मिळत. त्यानं जसं दिलं तसं दोन्ही हातांनी घ्यायचं, गळ्यात घालायचं आणि चालत राहायचं. हात दुखतात, खांदा भरून येतो, पण खाली ठेवायचं नाही. आणि आपला पहारा संपला, की पुढचा हात तोच पाठवतो.

म्हणून सांगते, तो कागद साड्यांखालून काढ, नवऱ्याला दाखव, सासूला दाखव, डॉक्टर सांगतील ते कर. आणि येत्या एकादशीला लेकराला घेऊन ये. ती हिरवी ट्रंक मी गच्चीच्या दाराशी ठेवली आहे, आत पापड आहेत, वर उड्या मारल्या तरी चालतं, चांगली दणकट आहे. पंगतीत पान मांडीन त्याच्यासाठी. बसलं तर बसेल, पळालं तर पळू दे. देवाला कुणीतरी न उष्टावलेल्या हातांचं लागतंच. लवकर ये.